तिसऱ्या रांगेतली डुगडुगती खुर्ची

माझा मेहुणा आमच्या घरी राहायला आला तेव्हा अतिशय दुःखी होता, आणि तो दुःखी होता तोवर आमचं उत्तम जमलं.

मेहुणा म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. घरात त्याला बारक्या म्हणतात. वजन चौऱ्याण्णव किलो. हा आकडा मी अंदाजाने सांगत नाही. तीस वर्षं मी वजनमापे खात्यात निरीक्षक होतो, माणूस दारातून आत आला की मला आकडा दिसतो. बारक्याचा गाद्यांचा कारखाना होता. तो बंद पडला, अकरा कामगार घरी बसले, "मला न विचारता बंद केलात" म्हणून एकुलत्या एक मुलाने बोलणं टाकलं, आणि जन्मभर लोकांच्या झोपेची सोय करणाऱ्या या माणसाची स्वतःची झोप उडाली. तीन बॅगा आणि एक उशी घेऊन तो आमच्या बाहेरच्या खोलीत आला. तो सोफ्यावर बसून उसासे टाकायचा, मी समोरच्या खुर्चीत बसून. आमचा ताल छान जुळला होता.

"घर आहे की लोहाराचा भाता?" असं बायको स्वयंपाकघरातून विचारायची.

बारक्या का उसासे टाकतो हे सगळ्यांना माहीत होतं. मी का टाकतो हे कुणालाच माहीत नव्हतं. बायको समजायची, पोटात गॅस होतो.

खरी गोष्ट सव्वीस वर्षांपूर्वीची आहे. एका गल्लीतल्या किराणेवाल्याचा तराजू तपासायला मी गेलो होतो. माझं पाच किलोचं लोखंडी वजन त्याच्या तराजूवर ठेवलं आणि काटा चाळीस ग्रॅम पुढे गेला. म्हणजे गिऱ्हाइकाला पाच किलोमागे चाळीस ग्रॅम कमी. दुकानदार बिचारा घामाघूम झाला. म्हणाला, "साहेब, तुमचं वजन एकदा उलटं करून बघता का?"

मी म्हणालो, "वजनं सरकारी आहेत."

तराजूला सील ठोकलं, पंचनामा केला. सगळी गल्ली बघत होती. दुसऱ्या दिवशी माझी वजनं नेमाप्रमाणे प्रयोगशाळेत तपासणीला गेली. तिथल्या कारकुनाने पाच किलोचं वजन उलटं करून टेबलावर ठोकलं, तर खालच्या पोकळीतून शिशाची दोन सीलं टपटप खाली पडली. आधीच्या दुकानात माझ्याच पेटीतून घरंगळून तिथे घट्ट बसली होती. कारकुनाने काटा लावून तोलली. चाळीस ग्रॅम. "साहेब, यावर शिक्का तुमचाच ना?" त्याने हसत विचारलं. मीही हसलो. ती सीलं खिशात टाकली.

त्याच दिवशी गल्लीत परत गेलो असतो तर दहा मिनिटांत सगळं मिटलं असतं. पण त्या आठवड्यात बढतीची यादी लागायची होती. मी गेलो नाही. यादी लागली, नाव आलं. तीन महिन्यांनी किराणेवाल्याने दुकान बंद केलं, कारण मापात पाप करणाऱ्याकडून कोण साखर घेणार? तो मुलीच्या गावी निघून गेला. पत्ता मी मिळवला होता. एका लहान डबीत, त्या दोन सीलांबरोबर, तो चिठ्ठीवर पडून होता.

त्याच वर्षी मी चर्चमध्ये खुर्च्या लावायला सुरुवात केली. योगायोग म्हणा.

आधी खुर्च्या, मग चहा, मग दिवे-पंखे, मग चाव्या. पाच वर्षांत मी मंडळीचा कारभारी झालो. एकोणीस चाव्यांचा जुडगा माझ्या कमरेला असतो. त्यातली एक कशाची आहे ते कुणालाच माहीत नाही, पण कुलूप कधीतरी सापडेल म्हणून मी ती टाकत नाही. दर रविवारी एकशेवीस घडीच्या खुर्च्या मी उघडतो, दोरी धरून रांगा सरळ करतो, लोक आपापली दुःखं घेऊन येतात, मी दार उघडून त्यांना आत घेतो आणि मागे उभा राहतो. पाळकसाहेबांचं प्रवचन अठ्ठावीस मिनिटं चालतं. विसाव्या मिनिटाला मी चहा ठेवायला मागच्या स्वयंपाकघरात जातो आणि भांड्यांचा आवाज नको म्हणून दार लावून घेतो. सव्वीस वर्षांत एकाही रविवारी चहाला उशीर झालेला नाही. मला वाटायचं, वरती कुठेतरी याची नोंद होत असेल, आणि एक दिवस काटा सारखा होईल. काटा हलत नव्हता. झोप येत नव्हती.

तर बारक्या. रविवारी आम्ही घराला कुलूप लावून चर्चला जातो, म्हणून नाइलाजाने तोही यायला लागला. तिसऱ्या रांगेत, वाटेच्या कडेच्या खुर्चीवर बसायचा. मीच लावलेल्या. दोन रविवार असे गेले. तिसऱ्या रविवारी मी कप धुऊन, खुर्च्या मिटवून, कुलूप लावून घरी आलो, तर बायको डोळे पुसत दारातच उभी.

"अहो, बारक्या पुढे गेला."

"कुठे पुढे? बस स्टॉपवर?"

"वेदीपाशी हो! पाळकसाहेबांनी बोलावलं तसा उठला आणि गेला. गुडघे टेकले, लहान मुलासारखा रडला. सगळं प्रभूच्या पायाशी ठेवलं म्हणाला."

"आता कुठे आहे?"

"झोपलाय."

मी बाहेरच्या खोलीत डोकावलो. बारक्या सोफ्यावर उताणा पडला होता. तोंड उघडं, एक पाय खाली. अशी झोप मी सव्वीस वर्षं विकतही घेतली असती. दुपारी दोनला झोपलेला माणूस सहाला उठला, "ताई, काही खायला आहे का?" म्हणाला आणि शीळ घालत तोंड धुवायला गेला.

मला मत्सर वाटला असं बायको म्हणते. मी फक्त निरीक्षण करत होतो. पुढचा आठवडाभर निरीक्षण केलं. बारक्या रात्री दहाला झोपतो, सकाळी सहाला उठतो. अंघोळ करताना भजनं म्हणतो, चाल चुकवतो, पर्वा करत नाही. शेजारणीची भाजीची पिशवी वर आणून देतो. गुरुवारी मी त्याला नाश्त्याला गाठलं.

"मुलाचा फोन आला?"

"नाही हो भाऊजी."

"कारखान्याचं काय?"

"तिथे आता पाइपांचं गोदाम झालंय."

"पाठ?"

"दुखते की."

"मग शीळ कशाची घालतोस?"

बारक्याने टोस्ट चहात बुडवला, विचार केला. "आता कसं सांगू? मी म्हटलं, प्रभू, मला हे उचलवत नाही. तू घे. बस."

"आणि त्यानं घेतलं."

"घेतलं."

"लगेच?"

"भाऊजी, त्याला सवय आहे."

मी माझा टोस्ट बशीत ठेवला. "बारक्या," मी शक्य तितक्या सहज आवाजात विचारलं, "याला काही नंबर वगैरे असतो का? म्हणजे कोण किती वर्षं येतंय, त्याप्रमाणे?"

"कसला नंबर?"

"काही नाही. खा."

माझा मुद्दा तुम्ही लक्षात घ्या. मुलगा बोलत नाही, कारखाना गेला, पाठ दुखते. म्हणजे माल तेवढाच. पण काटा शून्यावर! असा तराजू मला बाजारात सापडला असता तर मी जागच्या जागी जप्त केला असता. आणि हा माणूस तीन रविवार आलेला. तीन! मी चर्चच्या पायऱ्या त्याच्या वजनाइतक्या फिनेलने धुतल्यात.

बाहेर तर विचारूच नका. पहिल्या रांगेत बसणाऱ्या निवृत्त परिचारिकाबाई, ज्यांनी सव्वीस वर्षांत माझ्याशी "चहात साखर कमी आहे" यापलीकडे संवाद केला नाही, त्या बारक्याचा हात हातात घेऊन म्हणाल्या, "तुझा चेहरा कसा उजळलाय रे!" पाळकसाहेब म्हणाले, "तुमच्या मेहुण्यांकडे बघून मंडळीला उभारी येते." वयाने ते माझ्याहून वीस वर्षांनी लहान आहेत, मी त्यांना माइकची वायर कशी गुंडाळायची ते शिकवलंय. मी म्हणालो, "वा वा." आणि वायर गुंडाळली.

मग मी एक गोष्ट केली. ती सांगायला लाज वाटते, पण तिच्याशिवाय पुढचं घडलं नसतं.

चर्चच्या कोठीत सत्तेचाळीस नंबरची खुर्ची वेगळी ठेवलेली होती. तिचा मागचा डावा पाय चार मिलिमीटर आखूड आहे. जरा हललं की खट् करून मागे जाते, परत हललं की खट् करून पुढे येते, आणि आवाज थेट वेदीपर्यंत जातो. तिच्यावर मीच चिठ्ठी लावली होती: वापरू नये. पुढच्या रविवारी सकाळी मी ती चिठ्ठी काढली आणि खुर्ची तिसऱ्या रांगेत, वाटेच्या कडेला लावली. दोरी धरून सरळ केली. कामात मी हयगय करत नाही.

बारक्या आला, बसला. खट्. चौऱ्याण्णव किलो मागे गेले. मी दाराशी श्वास रोखून उभा. आता चिडेल, आता वळून बघेल, आता शांती किती टिकते ते दिसेल. बारक्याने खुर्चीखाली वाकून पाहिलं, पाय लांब केले आणि तोल सांभाळून गच्च बसला. अठ्ठावीस मिनिटं आवाज नाही. उपासना संपल्यावर मला म्हणाला, "भाऊजी, झकास खुर्ची आहे. हिच्यावर बसलं की माणूस हलत नाही, नीट ऐकतो."

त्या दिवशी मी कप जरा जोरात धुतले. दोन फुटले.

त्यानंतरच्या रविवारी प्रवचनाला जेमतेम दहा मिनिटं झाली असतील, तर बारक्या आपल्या जागेवरून उठून हळूच माझ्याकडे मागे आला. कानाशी म्हणाला, "भाऊजी, आज चहाचं मी बघतो."

"का?"

"तुम्ही बसा जरा."

"मला काय झालंय?"

"काही झालं नाही, तोवर बसा. पाळकसाहेबांना विचारलंय मी."

"विचारलंय?" हे मी कुजबुजलो असं माझं मत आहे. पाचव्या रांगेपर्यंतची डोकी वळली. त्यात बायकोचं होतं. तिने नुसतं बोट दाखवलं, तिसऱ्या रांगेतल्या रिकाम्या खुर्चीकडे. चाळीस वर्षांच्या संसारात मी त्या बोटाविरुद्ध कधी अपील केलेलं नाही.

बारक्या माझ्या डोळ्यांदेखत माझ्या स्वयंपाकघरात शिरला. मी जाऊन सत्तेचाळीस नंबरवर बसलो.

खट्.

परिचारिकाबाईंनी मागे वळून "शू" केलं. मी तोल सांभाळत बसून राहिलो. डोक्यात नुसता जाळ. आज चहा, उद्या खुर्च्या, परवा चाव्या! तिकडे हा साखर नक्की पाणी उकळायच्या आधी घालणार. झोप घेतली, शीळ घेतली, मंडळीचं प्रेम घेतलं, आता माझं पातेलंसुद्धा? उठून एकदा बघून यावं म्हणून जरा कललो. खट्. आता पाळकसाहेबांनीही पाहिलं. बोलता बोलता क्षणभर थांबले. मला बसलेला त्यांनी आजवर पाहिलाच नव्हता.

घड्याळात विसावं मिनिट आलं. माझे पाय आपोआप शिवशिवले. हलता येत नव्हतं. एकविसावं, बाविसावं. सव्वीस वर्षांत प्रथमच मी प्रवचनाच्या त्या भागात शिरलो जिथे पूर्वी कधी गेलो नव्हतो.

पाळकसाहेब पुस्तक मिटून खाली उतरले. साध्या आवाजात म्हणाले, "दमला असाल तर प्रभू येशू तुम्हाला बोलावतो आहे. तो आधी तुमचं ओझं तोलून बघत नाही. कुणाची चूक किती, कुणी भरपाई किती केली, हे विचारत नाही. क्रुसावर त्याने ते उचललंय. तुम्ही अजून का वाहताय? ज्यांना ठेवायचं असेल त्यांनी पुढे या."

तोलून बघत नाही! खात्याच्या दृष्टीने ही पद्धत सर्वस्वी बेकायदेशीर होती. मी हातांकडे पाहिलं. गुडघ्यांवर मुठी वळून बसलो होतो, जणू कुणीतरी काही हिसकावून नेणार आहे. आणि मला वाटलं, हे सगळं माझ्यावर रोखून चाललंय, बारक्याने यांना काहीतरी सांगितलंय. (नंतर बायकोने सांगितलं की अकरा वर्षं दर रविवारी ते शेवटी हेच बोलतात. फक्त तेव्हा मी साखर ढवळत असतो.)

मी उठलो. खट्. अख्खी मंडळी बघायला लागली. तेवढ्यात मागे स्वयंपाकघरात काहीतरी खळ्ळकन फुटलं.

वाटेत उभं राहिलं की मागे स्वयंपाकघर, पुढे वेदी. माझे पाय सवयीने मागे वळले. माझ्याशिवाय तिकडे नक्की काहीतरी बुडणार होतं. अर्धं पाऊल टाकलंही. मग मला सोफ्यावरचा उताणा बारक्या दिसला, एक पाय खाली. आणि मी पुढे गेलो. खरं तेच सांगतो, मला पुढे नेलं ते भक्तीने नाही. त्याला मिळालं आणि मला नाही, हे सोसवेना म्हणून गेलो. देवाला कारण चाललं असावं. त्याने परत पाठवलं नाही.

गुडघे टेकले तर चाव्यांचा जुडगा बरगडीत रुतला. तो काढून पायरीवर ठेवला. पाळकसाहेब वाकले. मी त्यांच्या कानात म्हणालो, "पाच किलोचं वजन माझंच चुकीचं होतं. त्याने उलटं करून बघा म्हटलं होतं. मी केलं नाही."

पाळकसाहेबांना एक अक्षर कळलं नाही. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि प्रार्थना करू लागले. ज्याला कळायला हवं होतं त्याला कळलं. मी मनात म्हणालो, मला हे उचलवत नाही. खुर्च्या लावून फिटत नाही. तू घे.

मग माझ्या डोळ्यांना काहीतरी झालं. धूळ म्हणावी तर तिथली धूळ मीच झाडतो.

परत येऊन सत्तेचाळीस नंबरवर बसलो एवढं आठवतं. ती खट् वाजली की नाही ते आठवत नाही. डोळे उघडले तेव्हा भिंतीवरच्या घड्याळात पावणेचार झाले होते. सगळ्या खुर्च्या मिटवून भिंतीशी रचलेल्या, वेड्यावाकड्या. फक्त दोन उघड्या. एका खुर्चीवर मी, शेजारच्या खुर्चीवर बारक्या, मांडीवर उरलेल्या बिस्किटांचा डबा. दार सताड उघडं आणि बाहेरच्या पायरीवर बायको कुणाशी तरी गप्पा मारत बसलेली.

"कुलूप का नाही लावलं?" मी विचारलं.

"चाव्या तिथेच आहेत, पायरीवर," बारक्या म्हणाला. "एकोणीसपैकी कुठली ते कुणाला ठाऊक? आणि तुम्हाला उठवायला कुणाचं मन होईना. परिचारिकाबाईंनी दोनदा नाडी बघितली."

"काय फुटलं होतं?"

"मोठी बशी. एक." मग डबा पुढे करत म्हणाला, "भाऊजी, घोरता मात्र जबरदस्त."

घरी जाताना वाटेत मी बायकोला सगळं सांगितलं. वजन, सीलं, बढती, किराणेवाला. फाटकापाशी आल्यावर ती म्हणाली, "आणि मी इतकी वर्षं समजत होते, तुम्हाला खुर्च्यांची आवड आहे." मग तिने माझा दंड धरला आणि जिना चढेपर्यंत सोडला नाही. म्हणाली, "पत्र लिहा. तो गेला असेल तर त्याच्या मुलीला लिहा. माफी मागताना सरकारी भाषा नको."

सोमवारी लिहिलं. तीन कागद फाडले. तिन्हींत खात्याचा वास येत होता. वजन माझंच चुकीचं होतं, दुसऱ्याच दिवशी मला ते कळलं, आणि भीतीने नव्हे तर बढतीसाठी मी गप्प बसलो, असं शेवटी सरळ लिहिलं. मंगळवारी खात्यालाही एक प्रत पाठवली. ती दोन सीलं किराणेवाल्याच्या पत्रात घातली. पोस्टाच्या काउंटरवर पाकीट तोलताना कारकून म्हणाला, "आजोबा, आत काय आहे? जड लागतंय."

"आता तुमच्याकडे आहे," मी म्हणालो.

उत्तर अजून आलेलं नाही. येईल तेव्हा त्यात काय असेल याची धास्ती आहे, पण ती दुपारी दोन ते चार या वेळात नसते. बारक्याच्या मुलाचाही फोन नाही. आम्ही दोघं जेवणानंतर आपापल्या जागी आडवे होतो. "त्यापेक्षा भाता बरा होता," असं बायको म्हणते आणि दार ओढून घेते.

सत्तेचाळीस नंबर मी दुरुस्त केलेली नाही. रविवारी मीच तिच्यावर बसतो, शेवटपर्यंत. चहा आता बारक्याकडे आहे. मंडळीत एकमत आहे की इतका चांगला चहा चर्चमध्ये आजवर झाला नव्हता. परिचारिकाबाई दोन कप घेतात. गेल्या रविवारी मीही एक घोट घेऊन पाहिला. साखर आधीच घातलेली होती.

चांगला झाला होता. आता हेही पुढे नेऊन ठेवावं लागणार.